मुलगा मिळतोय म्हणून घर हलवायचं का?

पत्र

ताई, आम्ही मिसिसॉगात राहतो. पुण्याहून येऊन पाच वर्षं झाली, अजून पीआरवरच (कायमचे रहिवासी) आहोत, नागरिकत्वाचा अर्ज नुकताच भरलाय. लेक तेराची आहे. पुण्यात ती चाकांवर स्केटिंग करायची, इथे आल्यावर बर्फावर गेली आणि तिथलीच झाली. पण डबल ॲक्सेल नावाची उडी वर्षभर अडून बसलीय. कोच म्हणतात, चण लहान आहे, एज (ब्लेडच्या कडेवरचा ताबा) छान आहेत, घाबरत नाही, हिला पेअर्समध्ये, म्हणजे मुलगा-मुलीच्या जोडीत, घाला. गेल्या महिन्यात माँट्रियलला एका मुलाबरोबर दोन दिवसांचा ट्रायआउट झाला. मुलगा अठराचा. परतताना गाडीत मी यांना म्हटलं, कांदेपोहेच झाले की हो! मुलाच्या आईने लेकीची उंची विचारली, वजन विचारलं, मग माझीही उंची विचारली. आठवड्याभरात निरोप आला : पसंत आहे. पण ऑगस्टपर्यंत माँट्रियलला यायचं, हवं तर लेक त्यांच्याच घरी राहील, मुलाच्या कोचिंगचा निम्मा खर्च आम्ही द्यायचा आणि एकेरी पूर्ण बंद. दोन आठवड्यांत कळवा, आणखी दोन मुली बघायच्या आहेत, असंही वर. हे म्हणतात, यात पुढे आहे काय? आणि खेळायचंच तर भारताकडून खेळू दे, गर्दी कमी. सासूबाई पुण्याहून रोज फोन करतात, परक्या पोराने मुलीला असं धरून उचलायचं म्हणजे काय! लेक म्हणते, आई, त्याने मला हवेत फेकून तो छोटा थ्रो दिला ना, मी कधी इतकी उंच गेलेच नव्हते. मी काय करू?

— एक आई, मिसिसॉगा

उत्तर

कांदेपोह्यांचं तुम्ही चेष्टेत लिहिलंत, पण पत्र खाली वाचत गेले तसं वाटलं, तुम्ही मनाने खरोखरच मुलीकडच्यांच्या बाजूला जाऊन बसला आहात. अटी त्यांच्या, मुदत त्यांची, खर्चाची वाटणी त्यांची. आपण फक्त ‘हो’ म्हणायचं, तेही लवकर, नाहीतर मुलगा हातचा जाईल. आधी तिथून उठा, मग पुढचं बोलू.

माझं मत सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. लेकीला पेअर्स शिकू द्या. घर हलवू नका, आणि तिला त्या मुलाच्या घरी तर मुळीच ठेवू नका. एकेरी बंद करू नका. मुलाच्या कोचिंगचे पैसे देऊ नका.

या खेळात मुलगे कमी आहेत हे खरंच. कुठल्याही रिंकवर सकाळच्या सेशनला बघा, फिगर स्केटिंगच्या वेळेत मुलींचीच गर्दी असते आणि मुलगे हॉकीच्या बॅगा घेऊन आपल्या पाळीची वाट बघत बसलेले असतात. त्यामुळे खांदे भरलेला, एज नीट असलेला एखादा मुलगा पेअर्सला तयार झाला की चार गावांतल्या आया त्याच्या कोचला मेल करतात. मुलीकडच्यांनी मुलाचा खर्च उचलायचा हा प्रकारही तुमच्यापासून सुरू झालेला नाही. चालतो तो. पण पैसे दिले की गोष्टी बदलतात. उद्या लेकीला वाटलं की नको, हा मुलगा ओरडतो, किंवा लिफ्टमध्ये, म्हणजे तो वर उचलतो तेव्हा, मला सुरक्षित वाटत नाही, तर ते तुम्हाला सांगण्याआधी तिच्या डोक्यात आईबाबांनी भरलेले चेक येतील. तेरा वर्षांच्या मुलीच्या तोंडाला कुलूप लावायला तेवढं पुरतं.

आता त्या ‘दोन आठवड्यां’कडे बघू. ही घाई कोणाची आहे? आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनने २०२२ मध्ये सीनिअर स्पर्धेचं किमान वय वाढवलं. पूर्वी पंधरा होतं, २०२३-२४ च्या हंगामात सोळा झालं आणि २०२४-२५ पासून सतरा. एक जुलैच्या आधी सतरा पूर्ण हवीत. बीजिंग ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांच्या रशियन मुलीच्या डोपिंगवरून जे रामायण झालं ते आठवत असेल, त्यानंतरचा हा निर्णय. म्हणजे तुमची लेक आज कितीही भारी असली तरी सीनिअरला उतरायला तिला चार वर्षं आहेत. ज्युनिअरलाही तेराच्या आत घेत नाहीत. ती आत्ता कुठे त्या दारात आलीय, आणि पेअर्समध्ये तर तिला खालच्या पातळीपासून सुरुवात करावी लागेल, प्री-नॉव्हिस वगैरे. मुलाचं उलट आहे. तो अठराचा. ज्युनिअरमध्ये त्याला मोजकी वर्षं उरलीत, त्यामुळे त्याला याच हंगामात कोणीतरी हवंय. यात त्याचं काही चुकत नाही, त्याच्या आईचंही नाही. पण त्याचं घड्याळ आणि तुमच्या लेकीचं घड्याळ जुळत नाही, आणि त्याच्या घड्याळावर तुम्ही नोकरी, शाळा आणि घर हलवायचं, हे मला पटत नाही.

मुलींची पेअर्समधली वर्षं एकेरीपेक्षा बरीच पुढेपर्यंत जातात. डिॲना स्टेलाटो-ड्यूडेक माहीत असेलच, कॅनडाकडूनच खेळलेली. मूळची अमेरिकन. २००० मध्ये एकेरीत ज्युनिअर जागतिक रौप्य मिळवलं, मग कमरेच्या सांध्याच्या दुखापतीने सतराव्या वर्षी खेळ सोडला. पुढे सौंदर्योपचाराच्या क्षेत्रात नोकरी केली. सोळा वर्षांनी परत आली ती पेअर्समध्ये, आधी एका अमेरिकन जोडीदाराबरोबर, मग २०१९ पासून मॅक्सिम देशाँबरोबर कॅनडासाठी. २०२४ ची जागतिक स्पर्धा माँट्रियलला होती. तिथे ती चाळिसाव्या वर्षी जगज्जेती झाली. जर्मनीची अल्योना सावचेंको २०१८ ला प्यॉंगचँग ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकली तेव्हा चौतिसाची होती. सगळ्यांचं असं होत नाही, मान्य. पण ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ असं कोणी म्हणालं तर ही दोन नावं पुढे करा.

शिवाय माँट्रियल का? ओकव्हिल तुमच्या शेजारचं गाव. तिथे ब्रूनो मार्कोत जोड्या घडवतो. जपानची रिकू मिउरा आणि र्युइची किहारा, २०२३ आणि २०२५ चे जगज्जेते, जपान सोडून तिथे येऊन तयार झाले. लोक अर्धं जग ओलांडून तुमच्या शेजारी येतात आणि तुम्ही तिथून उठून पाचशेवर किलोमीटर लांब चाललात! मार्कोत उद्या तुमच्या लेकीला शिकवेल असं मी म्हणत नाही. पण पेअर्स शिकलेले कोच, पेअर्सला चालणारी बर्फाची वेळ आणि कधीतरी एखादा मुलगा, हे सगळं एकाच भागात गोळा होतं, आणि तुम्ही त्या भागातच राहता. आधी तिथे फोन करा.

किहाराची गोष्ट आणखी एका कारणासाठी सांगते. मिउरा त्याची तिसरी महत्त्वाची जोडीदार. आधीच्या दोघींबरोबर तो दोन ऑलिंपिकला जाऊन आला होता, हाती फारसं लागलं नव्हतं. २०१९ मध्ये तो खेळ सोडायच्या बेतात होता, रिंकवर अर्धवेळ काम करत होता, तेव्हा मिउराने विचारलं. इरिना रोडनिनाचं तर सगळ्यांना पाठ असायला हवं. १९७२ चं ऑलिंपिक सुवर्ण तिने अलेक्सी उलानोवबरोबर जिंकलं आणि उलानोव प्रतिस्पर्धी जोडीतल्या मुलीशी लग्न करून तिकडे गेला. रोडनिनाने अलेक्झांडर झैत्सेवला घेतलं आणि १९७६ व १९८० ची सुवर्णं त्याच्याबरोबर आणली. जोडी जमल्याच्या पुढच्याच वर्षी, १९७३ ला ब्रातिस्लाव्हाच्या जागतिक स्पर्धेत मध्येच संगीत बंद पडलं, तर ही दोघं थांबली नाहीत, नुसत्या ब्लेडच्या आवाजावर कार्यक्रम पुरा केला आणि जिंकली. सांगायचं काय, तर जोड्या मोडतात. नेहमी मोडतात. आणि मोडल्यावर मुलीकडे राहतं ते तिचं कसब : थ्रोवरून उतरणं, हवेत अंग आवळून धरणं, डेथ स्पायरलची (मुलाचा हात धरून बर्फालगत आडवं फिरण्याची) एज. माँट्रियलचा मुलगा गेला तरी हे कोणी काढून घेत नाही. म्हणून तुम्ही विकत काय घेताय ते नीट बघा. मुलगा विकत घेऊ नका, शिकवणी घ्या.

आणि ‘एकेरी बंद’ ही अट तर मला सगळ्यात खटकली. डबल ॲक्सेल येत नाही म्हणून पेअर्स, असा समज रिंकच्या कट्ट्यावर पुष्कळ असतो. एकेरीत जमलं नाही की पेअर्स, तेही नाही जमलं की आइस डान्स, असं आया हलक्या आवाजात बोलतात. साफ चूक. पेअर्सच्या कार्यक्रमात दोघांना शेजारी शेजारी एकाच वेळी उड्या माराव्या लागतात, आणि बऱ्याचदा पदक तिथेच जातं किंवा येतं. मेगन ड्यूहॅमेल आणि एरिक रॅडफर्ड २०१५ आणि २०१६ ला जगज्जेते झाले त्यात त्यांच्या शेजारी शेजारी मारलेल्या ट्रिपल लुट्झचा मोठा वाटा होता. दुसऱ्या जोड्या ती उडी घ्यायला सहसा धजत नव्हत्या. तेव्हा डबल ॲक्सेलचा पिच्छा सोडू नका. निदान दोन हंगाम दोन्ही चालू द्या. कोच ‘वेळ पुरणार नाही’ म्हणाले तर पेअर्सचा वेळ कमी ठेवा, पहिल्या वर्षी त्याला फार बर्फ लागतच नाही.

लागत का नाही, ते सांगते. मी फिजिओ आहे आणि या सदराच्या आधीच्या माझ्या बऱ्याचशा सकाळी रिंकच्या कडेला गेल्यात. पेअर्स शिकणारी मुलं पहिले काही महिने बर्फापेक्षा व्यायामशाळेच्या गाद्यांवर जास्त दिसतात. पायात साधे बूट, मुलाचे हात मुलीच्या कमरेच्या हाडांवर, कोच बाजूला उभा, आणि मुलगी चार-पाच इंच वर जाऊन परत खाली. पुन्हा. पुन्हा. बघणाऱ्याला कंटाळा येईल असं काम. मुलीला त्यात शिकायचं असतं पोट आणि पाठ एकदम घट्ट धरणं. अंग सैल सोडलं तर पस्तीस किलोची मुलगीही उचलवत नाही, आणि घट्ट धरलं तर पन्नास किलोची अलगद वर जाते. हे प्रत्यक्ष बघाल तर त्या वजनाच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते आपोआप कळेल. मग बर्फावर गेल्यावर थ्रोसाठी हार्नेस. वरून दोरी, कमरेला पट्टा, दोरीचं दुसरं टोक कोचच्या हातात. मुलींच्या टाइट्सच्या आत कमरेला आणि माकडहाडाला जेलचे पॅड खोचलेले असतात. सेशन संपल्यावर मुली ते बाकावर काढून ठेवतात, त्यावरून आज कोण किती आपटलं ते कळतं. मुलगेही सुटत नाहीत. ट्विस्टमध्ये मुलगी हवेत फिरून खाली येते तेव्हा तिचं कोपर बरोबर मुलाच्या नाकाच्या उंचीला असतं. काळानिळा डोळा घेऊन वर्गात जाणारे किती मुलगे मी बघितलेत!

अपघाताबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण रात्री ते बघत असालच यूट्यूबवर. लपवण्यात अर्थ नाही. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गला स्केट अमेरिका स्पर्धेत तात्याना तोत्म्यानिना लिफ्टवरून डोक्यावर आपटली. तिला पडल्याचं आठवतसुद्धा नव्हतं, ती लवकर बर्फावर परतली. अडकला तो मॅक्सिम मारिनिन. त्याच्या हातून ती पडली होती, आणि पुन्हा वर उचलायची हिंमत परत यायला त्याला मानसतज्ज्ञाची मदत घ्यावी लागली. पुढच्या मार्चमध्ये ते जगज्जेते झाले आणि २००६ ला तुरीनमध्ये ऑलिंपिक सुवर्ण. म्हणून जोडीदार निवडताना मी मुलाच्या दंडाआधी, चूक झाल्यावर तो काय करतो ते बघते. पडल्यावर तो आधी मुलीकडे वळतो, की कोचकडे, की हात झटकून लांब जातो? ट्रायआउटच्या दोन दिवसांत हे एकदा तरी दिसलं असेल. आठवून बघा.

येलेना बेरेझ्नायाचा अपघात लिफ्टमधला नव्हताच. १९९६ च्या जानेवारीत रीगामध्ये सरावाला ती आणि तिचा तेव्हाचा जोडीदार शेजारी शेजारी कॅमल स्पिन करत होते. म्हणजे एक पाय मागे आडवा ताणून गिरकी. अंतर कमी पडलं आणि त्याच्या ब्लेडने तिच्या कवटीला भोक पाडलं. मेंदूची शस्त्रक्रिया झाली, बोलणं-चालणं पुन्हा शिकावं लागलं. अंतोन सिखारुलिद्झेबरोबर तिने १९९८ ला नागानोत ऑलिंपिक रौप्य मिळवलं, २००२ ला सॉल्ट लेकमध्ये सुवर्ण. आयांचे डोळे वर उचललेल्या मुलीवर खिळलेले असतात, आणि धोका बर्फावर शेजारी फिरणाऱ्या दोघांतल्या हातभर जागेत असतो. चांगला पेअर्स कोच सुरुवातीला अंतरावर इतका जीव खातो की मुलं वैतागतात. तुमच्या कोचचं तसं नसेल तर पेअर्स त्यांच्याकडे शिकवू नका, ते एकेरीत कितीही चांगले असोत.

आता सासूबाई. त्यांना जुन्या वळणाच्या म्हणून बाजूला सारू नका. शब्द त्यांचे असतील, पण प्रश्न बरोबर आहे, आणि तो विचारायला घरातल्या बाकी सगळ्यांना लाज वाटतेय. या खेळात मुलाचा हात मुलीच्या कमरेला, मांडीला, पाठीला लागतो. त्याशिवाय लिफ्ट होत नाही. दोघंही ते काही दिवसांत इतकं सवयीने करतात की त्यात काही उरत नाही. चिंता तिथली नसावी. चिंता असावी ती रिंकच्या बाहेरची : गाडीत कोण, हॉटेलात कुठली खोली, रात्री मेसेज कोणाचे, दाराआड कोण. मागच्या काही वर्षांत या खेळातली जी प्रकरणं बाहेर आली, त्यात जोडीदाराविरुद्धच्या तक्रारीही होत्या. कॅनडात ‘दोनाचा नियम’ आहे, अल्पवयीन खेळाडू कुठल्याही मोठ्या माणसाबरोबर एकटा राहू नये, जबाबदार मोठी माणसं निदान दोन असावीत. तो कोचसाठी आहे असं सगळे धरून चालतात. पण अठरा वर्षांचा मुलगा कायद्याने मोठा माणूस आहे आणि तुमची लेक तेराची. त्या मुलाला मी ओळखत नाही, तो सोन्यासारखा असेल, पण नियम सोन्यासारख्या मुलांनाही लावायचे असतात. एकत्र प्रवासात तुमच्यापैकी एकजण हवाच. मेसेज करायचे तर तुम्ही आणि कोच असलेल्या ग्रुपवर. आणि त्यांच्या घरी राहणं, त्याला माझा विरोध आहे तो यासाठीच. शिवाय जोडीदाराशी भांडण झालं त्या रात्री ती जेवायला कोणाच्या टेबलावर बसणार? त्याच्या आईच्या? हे एवढंच सासूबाईंना सांगा. आपण काय काय ठरवलंय ते ऐकलं की त्या शांत होतील, आणि नाही झाल्या तरी त्यांचा फोन रोज येऊ द्या.

वयाच्या अंतराचं म्हणाल, तर येकातेरिना गोर्देयेवा दहाची होती आणि सेर्गेई ग्रिन्कोव चौदाचा तेव्हा मॉस्कोच्या लष्करी क्लबातल्या कोचने त्यांची जोडी लावली. पुढे दोन ऑलिंपिक सुवर्णं आणि लग्न. लोक हे उदाहरण फार गोड करून सांगतात. दहा आणि चौदा म्हणजे दोन लहान मुलं. तेरा आणि अठरा तसं नाही. मिउरा-किहारामध्ये नऊ वर्षांचं अंतर आहे, पण जोडी झाली तेव्हा तीही सतरा पुरी केलेली होती. तुमच्या जागी मी असते तर सोळाच्या आतला मुलगा शोधला असता, थोडा कमी तयार असला तरी चालेल. दोघं बरोबर वाढतील.

वजन. मुलाच्या आईने विचारलं आणि तुम्ही सांगितलंत, जाऊ द्या. तुमची उंची विचारली त्यात नवल नाही, पेअर्समध्ये आईकडे बघून मुलीची वाढ ताडायची पद्धतच आहे. पण इथून पुढे वजनाचा आकडा तुमच्या आणि डॉक्टरांच्या पलीकडे जाता कामा नये. लेक येत्या दोन वर्षांत वाढणार आहे, उंच होईल, कंबर भरेल, गुरुत्वमध्य बदलेल आणि काही महिने जमणाऱ्या उड्याही बिघडतील. हे सगळं व्हायलाच हवं. पाळी लांबली, थांबली, सारखी हाडं दुखायला लागली, तर ‘खेळाडू आहे, चालायचंच’ असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका. पोटाला कमी आणि श्रम जास्त झाले की शरीर असं बंद पडायला लागतं, त्यातून हाडांना बारीक तडे जातात. वाढलेली मुलगी उचलता येत नसेल तर मुलाने जिमला जावं. मुलीने जेवण सोडायचं नाही.

तुमच्या यांच्या प्रश्नाला थोडक्यात : पैशाच्या दृष्टीने यात पुढे काही आहे असं धरून चालू नका. वरच्या काही खेळाडूंना सरकारी मानधन मिळतं, बाकीचे नोकऱ्या करून खेळतात. नंतर कोचिंग, नृत्यरचना, आइस शो, क्रूझवरचे शो. जोडीने उचलणं-फेकणं येणाऱ्यांना शोमध्ये मागणी असते, पण ती आयुष्यभराची कमाई नव्हे. म्हणून शाळा पहिली. माँट्रियलला जाण्याचा विचार कधीकाळी केलातच, तर तिथल्या शाळेच्या भाषेचं काय ते आधी बघा, मग बर्फाचं.

भारताकडून खेळवायचं म्हणाल, तर त्यासाठी भारतीय पासपोर्ट लागतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तुम्ही कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज भरलाय, म्हणजे हा रस्ता तुम्ही स्वतःच बंद करत आणलाय. तारा प्रसाद अमेरिकेत वाढून भारताकडून उतरते, पण ती एकेरीत. जोडीत दोघांचा देश जुळवावा लागतो. जागतिक स्पर्धेपर्यंत दोघांपैकी एकच जण नागरिक असला तरी भागू शकतं, ऑलिंपिकला मात्र दोघंही त्या देशाचे नागरिकच हवेत. सावचेंकोचा जोडीदार ब्रूनो मासो मूळचा फ्रेंच. त्याला सोडायला फ्रेंच महासंघाने तीस हजार युरो मागितले, मग जर्मन नागरिकत्वासाठी भाषेच्या परीक्षेत एकदा नापास झाला, आणि पासपोर्ट हातात पडला तो ऑलिंपिकच्या जेमतेम तीन महिने आधी. पहिल्या फेरीत, शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, चौथे होते, दुसऱ्या फेरीत, फ्री स्केटला, विक्रमी १५९.३१ गुण घेऊन सुवर्ण नेलं. हे वाचून अंगावर काटा येतो, पण तुमच्यासाठी यातला धडा कागदपत्रांचा आहे. नागरिकत्वाचा अर्ज चालू असताना प्रांत बदलणं, पत्ते बदलणं, नसती कटकट.

तर मग त्यांना काय कळवायचं? लिहा, की लेकीला तुमच्या मुलाबरोबर खेळायला आवडलं, आणि आम्ही पुढच्या मार्चपर्यंत प्रयोग करायला तयार आहोत. जुलैत तीन आठवडे आई तिच्याबरोबर माँट्रियलला येईल, भाड्याच्या खोलीत राहील. त्यानंतर महिन्यातून एक आठवडाअखेर त्यांनी इकडे यायचं, एक आपण तिकडे जायचं. रेल्वेने पाच-साडेपाच तास लागतात, सोपं नाही, पण ज्यांना खरंच तुमची मुलगी हवीय ते एवढं करतील. खर्च ज्याचा त्याने. बर्फ आणि दोघांचा एकत्र कोच एवढंच निम्मं निम्मं. एकेरी चालू राहणार. हे सगळं एका कागदावर, आणि त्यात हेही की दोघांपैकी कोणालाही महिन्याची सूचना देऊन थांबता येईल, कारण न सांगता. संगीत, पोशाख, नृत्यरचनेचे पैसे यांचं काय, दुखापत झाली तर किती दिवस थांबायचं, हेही आत्ताच लिहून घ्या. नंतर या गोष्टींवरूनच तोंडं फिरतात. सही दोन्ही घरांची.

त्यांनी नाही म्हटलं तर? म्हणू दे. नाही म्हणण्याची शक्यताच जास्त आहे, त्यांना या हंगामात मुलगी हवीय. मग ओकव्हिल. लेकीला आठवड्यातून एकदा पेअर्सच्या कोचकडे एकटीनेच धाडा. थ्रोचं उतरणं हार्नेसवर शिकता येतं, डेथ स्पायरलची एज कोचचा हात धरून शिकता येते, आणि अंग घट्ट धरणं तर घरातल्या चटईवर. मुलगा नसतानाही पेअर्सचं अर्धं काम होतं. एखाद्या मुलाला जोडीदार लागेल तेव्हा तयार मुलगी त्याच रिंकवर असेल.

पण हा मेल पाठवण्याआधी तो लेकीला वाचून दाखवा, आणि ‘मार्चपर्यंत’ला तिचा होकार घ्या. ती रुसेल बहुतेक, तिला ऑगस्टलाच जायचं असणार.